५० वॉटचा ट्यूब अँप आणि तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गिटारवादकाचं, आमच्या अँप-दुरुस्तीच्या बाकावर आलेलं हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. वादक तिशीतला. दिवसा अंबड एमआयडीसीत नोकरी, संध्याकाळी घरी सराव, अधूनमधून मित्रांच्या बँडसोबत कार्यक्रम. घरात आई-वडील, बायको आणि लहान मुलगी. खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक आजोबा.

त्याच्याकडचा अँप एका हौशी कारागिराने मार्शल या ब्रिटिश कंपनीच्या १९८७ सर्किटवरून हाताने बांधलेला होता. १९८७ हा मॉडेलचा क्रमांक, सर्किट साठच्या दशकातलं. प्रीअँप (गिटारचा बारीक सिग्नल वाढवणारा पहिला भाग) आणि फेज इन्व्हर्टर (सिग्नलच्या दोन उलटसुलट प्रती करून पुढच्या जोडीला देणारा टप्पा) मिळून तीन ईसीसी८३ हे छोटे व्हॉल्व्ह, म्हणजेच ट्यूब, शेवटी स्पीकर हलवणाऱ्या ईएल३४ या पॉवर व्हॉल्व्हची जोडी, चार इनपुट जॅक, दोन चॅनेलचे दोन व्हॉल्यूम. मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे प्रीअँप चढा ठेवून शेवटचा आवाज वेगळा उतरवणारी कळ, नाही. सगळं प्रकरण या शेवटच्या गोष्टीभोवती फिरतं. या सर्किटमध्ये व्हॉल्यूम चढवला की आवाज आधी मोठा होतो, मग आणखी मोठा होतो आणि त्यानंतर कुठे तो फाटायला लागतो. हे फाटणं ज्याने ऐकलंय त्याला वेगळं सांगायला नको. तार हलकी छेडली तर स्वर स्वच्छ, जोर दिला तर त्याच स्वराला दाणेदार कडा, आणि गिटारचा व्हॉल्यूम किंचित उतरवला की पुन्हा स्वच्छ. बोटांना अँप उत्तर देतो. वादकाने पैसे साठवून हा अँप घेतला होता तो या उत्तरासाठीच.

अडचण

घरात व्हॉल्यूम दोनच्या पुढे नेता येत नव्हता. दोनवर अँप स्वच्छ पण कोरडा वाजायचा, गायला लागायचा तो सहा-सातवर. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्या होत्या आणि सेक्रेटरींनी घरी येऊन समजावून सांगितलं होतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. हे नाशिक आहे, इथली माणसं मिरवणुकीतला ढोल हौसेने छातीवर झेलतात. पण मिरवणूक वर्षातले मोजके दिवस आणि रस्त्यावर असते. सराव रोजचा आणि भिंतीपलीकडचा. शेजाऱ्यांचं म्हणणं रास्त होतं.

इथे आकडे मांडले पाहिजेत, कारण या कामात बहुतेकांची फसगत आकड्यांतच होते. त्याच्या कॅबिनेटमध्ये १२ इंची एकच स्पीकर होता, सेलेस्टियन व्हिन्टेज ३०. एक वॉट दिला की एक मीटरवर तो १०० डेसिबल देतो. दहापट वॉट म्हणजे १० डेसिबल जास्त, आणि कानाला १० डेसिबलचा फरक साधारण दुप्पट-निम्मा वाटतो. म्हणजे ५० वॉटला ११७ डेसिबल. ५ वॉटला १०७. अर्ध्या वॉटला ९७, तेही दार लावलेल्या खोलीत मोठंच. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना चालेल असा ८० डेसिबलचा आवाज हवा असेल तर स्पीकरपर्यंत फक्त ०.०१ वॉट पोहोचायला हवेत, आठ ओहमच्या स्पीकरवर जेमतेम ०.२८ व्होल्ट. पूर्ण ताकदीच्या खाली ३७ डेसिबल उतरायचं होतं, आणि उतरताना तो फाटलेला, बोलका स्वर हातातून सुटू द्यायचा नव्हता.

‘५० वॉटचा विकून ५ वॉटचा घे’ हा सल्ला त्याला बऱ्याच जणांनी दिला होता. वरचा हिशोब पाहिला तर त्या सल्ल्याने १० डेसिबल वाचतात. उरलेले २७ तसेच राहतात.

आमच्याकडे येण्याआधी त्याने दोन गोष्टी करून पाहिल्या होत्या. एक डिस्टॉर्शन पेडल घेतलं होतं. त्याने आवाज फाटायचा, पण पेडलमधल्या डायोडने फाटायचा. छेडण्यातला हलका-जोराचा फरक त्यात पुसला जायचा, म्हणून ते कपाटात गेलं. दुसरी गोष्ट धोक्याची होती. कुणीतरी त्याला कार्यक्रमांच्या साउंड सिस्टीमच्या स्पीकरला लावतात तसला छोटा एल-पॅड (रेझिस्टरने आवाज उतरवणारी कळ) अँप आणि कॅबिनेटच्या मध्ये जोडून दिला होता. तो तापून वास येऊ लागला तेव्हा त्याने अँप बंद केला, हे नशीब. ५० वॉटचा अँप पूर्ण फाटतो तेव्हा ५० वॉटवर थांबत नाही, त्याच्या पुष्कळ पुढे जातो. असा एल-पॅड जळून तुटला की अँपला लोडच, म्हणजे ताकद घेणारं काहीच, उरत नाही. मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर इतकं व्होल्टेज उसळतं की ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग किंवा व्हॉल्व्हचे सॉकेट जळतात. ट्यूब अँप बिनस्पीकरचा चालवू नये तो याचसाठी.

आधी तपासणी

वादक आला तो वाक्य तयार ठेवूनच. “दादा, मास्टर व्हॉल्यूम बसवून द्या.” आमच्या बाकावर जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करत आयुष्य गेलेले एक काका बसतात. त्यांनी विचारलं, “अरे, तुला आवडतो तो आवाज अँपच्या कुठल्या भागातून येतो, ते तरी आधी बघू या ना?” या प्रश्नाने कामाची दिशाच ठरली.

चेसिस उघडण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या अँपमध्ये प्लेटवर (व्हॉल्व्हमधला करंट गोळा करणाऱ्या टोकावर) सुमारे ४३० व्होल्ट डीसी असतात. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर ते धरून ठेवू शकतात आणि तेवढ्याने माणूस मरतो. आम्ही कपॅसिटर १० किलोओहमच्या जाड रेझिस्टरमधून उतरवतो, मग मल्टिमीटर लावून शून्य बघतो आणि मगच हात घालतो. हे ज्याला कुणी शेजारी उभं राहून शिकवलेलं नाही, त्याने वाचून हा प्रयोग करू नये.

पहिल्यांदा बायस बघितला, म्हणजे सिग्नल नसताना पॉवर व्हॉल्व्हमधून किती करंट वाहायचा हे ठरवणारं, ग्रिडवरचं (व्हॉल्व्हच्या सिग्नल घेणाऱ्या टोकावरचं) व्होल्टेज. ईएल३४च्या प्लेटची मर्यादा २५ वॉट, आणि अशा अँपमध्ये विश्रांतीत त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १७.५ वॉट ठेवतात. ४३० व्होल्टला ते सुमारे ४० मिलिअँपिअर होतात. कॅथोडला लावलेल्या एक ओहमच्या रेझिस्टरवर एका व्हॉल्व्हचे ५२ मिलिव्होल्ट दिसले, दुसऱ्याचे ३८. म्हणजे एक व्हॉल्व्ह भाजत होता आणि जोडी जुळत नव्हती. स्लोव्हाकियात बनणाऱ्या जेजेची जुळलेली जोडी घातली, दोन्ही ३८ च्या आसपास आणले. घरघर लगेच कमी झाली. आजारी अँपवर मॉडिफिकेशन केलं की नंतर दोष कुणाचा हे कळत नाही. म्हणून ही पायरी आम्ही कधी गाळत नाही.

मग कॅबिनेटच्या जागी आठ ओहमचा डमी लोड (स्पीकरऐवजी ताकद खाणारा रेझिस्टर), इनपुटला सिग्नल जनरेटर, आणि लाटेचा आकार पडद्यावर दाखवणाऱ्या सीआरओचा प्रोब एकेका टप्प्यावर. व्हॉल्यूम चारच्या आसपास गेला तेव्हा डमी लोडवरची लाट २८ व्होल्टच्या शिखराशी चपटी व्हायला लागली. त्याच वेळी प्रीअँपमधल्या दुसऱ्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर लाट अजून गोल होती. पहिल्यांदा फाटत होते ते ईएल३४च. सातवर नेल्यावर प्रीअँपमधली लाटही एका बाजूने दबली, आणि ईएल३४च्या ग्रिडवर अजून एक गोष्ट दिसली. ग्रिड पॉझिटिव्हकडे जायला लागला की करंट ओढतो, त्याने दोन टप्प्यांना जोडणारे कपलिंग कपॅसिटर चार्ज होतात आणि बायस क्षणभर खाली सरकतो. जोरात छेडलेल्या स्वराला येणारा तो दाब, ती दमदार ‘चेप’ तिथली. पॉवर सप्लायचं व्होल्टेज त्या क्षणी किंचित बसतं, तेही त्यात आलं.

वादकाला डमी लोड काढून कॅबिनेटवर, एका रविवारी दुपारी सातपूरच्या एका रिकाम्या शेडमध्ये, हे सगळे टप्पे ऐकवले. चारवर काय, पाचवर काय, सातवर काय. त्याला आवडणारा आवाज पाच ते सहाच्या दरम्यान होता. म्हणजे पॉवर व्हॉल्व्ह पुरते फाटलेले आणि प्रीअँप नुकता कडेला आलेला. फार फाटलेला आवाज त्याला नकोच होता. जुन्या रॉकच्या तालाला लागतो तसा भरीव खरखरीतपणा त्याला हवा होता.

पर्याय

आता पर्याय तोलता आले, कारण काय टिकवायचं ते माहीत होतं.

सगळ्यात सोपा मास्टर व्हॉल्यूम टोन कंट्रोल आणि फेज इन्व्हर्टरच्या मध्ये बसतो. मार्शलने स्वतः १९७५मध्ये २२०३ आणि २२०४ या मॉडेलांत हेच केलं. पण त्यांनी सोबत आणखी एक गोष्ट केली होती, ती लोक विसरतात. दोन चॅनेलसाठी समांतर असलेले पहिल्या व्हॉल्व्हचे दोन भाग त्यांनी एकामागोमाग एक जोडले आणि प्रीअँपमध्येच भरपूर गेन (सिग्नलची वाढ) तयार केला. नुसतं पॉट (कळेमागचा बदलता रेझिस्टर) बसवलं आणि हा गेन वाढवला नाही तर १९८७च्या प्रीअँपमध्ये फाटायला फारसं काही नसतंच. आवाज लहान होतो आणि स्वच्छच राहतो. वादकाने मागितलेलं काम हेच होतं, आणि सीआरओने आम्हाला सांगितलं होतं की याने त्याचं समाधान होणार नाही.

दुसरा पर्याय फेज इन्व्हर्टरच्या नंतरचा मास्टर व्हॉल्यूम. ईएल३४च्या ग्रिडवरचे दोन २२० किलोओहमचे रेझिस्टर काढून तिथे २५० किलोओहमचं दुहेरी पॉट येतं. फेज इन्व्हर्टरपर्यंतचं सगळं पूर्ण ताकदीने चालतं, पॉवर व्हॉल्व्हला मात्र आपण ठरवू तेवढंच मिळतं. फेज इन्व्हर्टरचं फाटणं हाती लागतं. किंमतही मोजावी लागते. पॉट खाली आणलं की निगेटिव्ह फीडबॅकचा (आउटपुटचा थोडा सिग्नल उलटा आत देऊन आवाज ताब्यात ठेवण्याचा) परिणाम जवळजवळ संपतो, वरच्या स्वरांची धार बदलणारी प्रेझेन्सची कळ मुकी होते आणि आवाज थोडा उघडा, चरचरीत होतो.

तिसरा पर्याय अटेन्युएटर. बॉस्टन या अमेरिकन रॉक बँडचे गिटारवादक टॉम शोल्झ यांच्या ‘पॉवर सोक’ने १९८०च्या आसपास ही कल्पना लोकप्रिय केली. अँप पूर्ण फाटू द्यायचा आणि स्पीकरच्या आधी ताकद उष्णतेत घालवायची. ईएल३४चं फाटणं, ती चेप, सगळं राहतं. पण ३७ डेसिबल एकट्या अटेन्युएटरने उतरवले की आवाज मलूल होतो. स्पीकर हलतच नाही, आणि स्पीकरचा इम्पिडन्स फ्रिक्वेन्सीप्रमाणे जो वर-खाली होतो त्याला अँप जे उत्तर देत असतो ते रेझिस्टर मध्ये आल्याने सपाट होतं. शिवाय हलक्या आवाजात कानच खर्ज आणि वरचे स्वर कमी ऐकतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये मोजून दाखवलेली ही गोष्ट कुठलंही सर्किट बदलू शकत नाही. व्हॉल्व्हही रोज पूर्ण ताकदीने जळत राहतात.

चौथा पर्याय मॉस्फेटने (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरने) पॉवर व्हॉल्व्हचं प्लेट व्होल्टेजच खाली आणण्याचा. तत्त्वाने हा सगळ्यात सुंदर. पण या अँपमध्ये बायस फिक्स्ड आहे, म्हणजे आपोआप जुळवून घेत नाही, त्यामुळे प्लेटसोबत बायसही त्याच प्रमाणात खाली यायला हवा. मॉस्फेटची उष्णता बाहेर काढायला जागा हवी आणि चेसिसमध्ये ती नव्हती.

लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी लोड देणारी पेटी) आणि हेडफोनचा विषयही निघाला. वादक म्हणाला, “रात्री हेडफोन चालेल, पण संध्याकाळी मला स्पीकरची हवा पायाला लागली पाहिजे.” ट्यूब अँपचा माणूस असंच बोलणार, म्हणून तो पर्याय आम्ही ताणला नाही.

पहिला निर्णय : ओझं वाटून देणं

काकांचं म्हणणं साधं होतं. एकट्या पॉटवर ३७ डेसिबल टाकले तर पॉवर व्हॉल्व्ह झोपतो, एकट्या अटेन्युएटरवर टाकले तर स्पीकर झोपतो. दोघांत वाटून द्या. आम्ही १२ डेसिबल अटेन्युएटरला आणि २५ पॉटला दिले. पॉटने अँप सुमारे ०.१६ वॉटवर येतो, तिथून अटेन्युएटर ते ०.०१वर आणतो. रिकाम्या हॉलमध्ये सराव असेल तेव्हा नुसता अटेन्युएटर ठेवून पॉट पूर्ण उघडायचं. मग स्पीकरला तीन वॉट मिळतात आणि ईएल३४ खरोखर फाटतात.

अटेन्युएटर आठ ओहमसाठी बांधला. १२ डेसिबलसाठी मालिकेत ६ ओहम, स्पीकरला समांतर २.७ ओहम. अँपला एकूण आठच दिसतात. ५० वॉटपैकी साडेसदतीस मालिकेतला रेझिस्टर खातो, समांतरवाला साडेनऊच्या आसपास. मालिकेत एक ६ ओहमचा लावण्याऐवजी १२ ओहमचे १०० वॉटवाले दोन समांतर लावले. त्यातला एक उद्या तुटला तरी अँपला १४ ओहम दिसत राहतात, लोड नाहीसा होत नाही. जुन्या एल-पॅडच्या बाबतीत नेमकी हीच भीती होती. अ‍ॅल्युमिनियम कवचाचे रेझिस्टर आणि पॉट आणायला वादक स्वतः सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला, लॅमिंग्टन रोडला गेला. हीटसिंक अंबडमध्ये मोडीत निघालेल्या एका मोटर ड्राइव्हचा मिळाला, आणि तो इतका दणकट आहे की पूर्ण ताकदीलाही नुसता कोमट होतो.

दुसरा निर्णय : पॉट कुठे आणि कसं

चार इनपुट जॅकपैकी दोन वादक वापरत नव्हता. त्यातल्या एका भोकात पॉट बसवावं, समोरून हाताशी राहील, असं त्याला वाटलं. आम्ही नाही म्हटलं. फेज इन्व्हर्टरनंतरचा सिग्नल दहापाच व्होल्टचा, आणि इनपुट जॅकजवळचा मिलिव्होल्टमधला. दोघांच्या वायरी शेजारी आल्या की अँप शिटी मारायला लागतो. कधी ती शिटी कानाला ऐकूही येत नाही आणि व्हॉल्व्ह आतल्या आत तापत राहतात. मागच्या बाजूला, पॉवर व्हॉल्व्हपासून चार बोटांवर, दुसऱ्या स्पीकर जॅकचं भोक होतं. त्याचं कॅबिनेट एकच, म्हणून तो जॅक काढला आणि पॉट तिथे बसवलं. चेसिसला नवीन भोक पाडलं नाही.

दोन बारकावे काकांचे. दुहेरी पॉटचे दोन भाग वरच्या टोकाला सारखे असतात, पण खालच्या टोकाला, जिथे हा अँप घरात रोज वाजणार, तिथे स्वस्त पॉटमध्ये ते हमखास वेगळे पडतात. एका ईएल३४ला जास्त सिग्नल, दुसऱ्याला कमी. काकांनी आणलेली सगळी पॉट ओळीने मांडली, प्रत्येकाची दांडी घड्याळातल्या आठच्या काट्यावर ठेवून दोन्ही बाजू मल्टिमीटरने मोजल्या आणि ज्याच्या बाजू सगळ्यात जवळ होत्या ते निवडलं. दुसरं म्हणजे वायपरपासून (पॉटमधल्या सरकत्या टोकापासून) बायसपर्यंत २.२ मेगाओहमचा एकेक रेझिस्टर. पॉटच्या वायपरचा संपर्क सुटला तर ग्रिड अधांतरी राहतो, बायस जातो आणि ईएल३४ लाल होऊन जळतो. त्या दोन रेझिस्टरची किंमत चहाइतकीही नाही. पण त्यांच्याशिवाय हे मॉडिफिकेशन करून दिलेलं मी पाहिलं की अस्वस्थ होतो.

काढलेले २२० किलोओहमचे दोन रेझिस्टर कागदाच्या पुडीत घालून चेसिसच्या आतच चिकटवले, शेजारी काय बदललं त्याचा हाताने काढलेला नकाशा. उद्या हा अँप विकला गेला किंवा दुसऱ्या कुणाच्या बाकावर गेला तर त्या माणसाला अंदाज बांधत बसावं लागू नये.

तिसरा निर्णय : गेन वाढवायचा की नाही

घरी पहिल्या संध्याकाळी वाजवून वादकाचा फोन आला. “दादा, फाटतोय, पण अंग नाहीये.” अपेक्षित होतं. पॉट खाली असताना ईएल३४ फाटत नाहीत, म्हणून त्यांच्या वाटणीचं फाटणं दुसरीकडून भरून काढावं लागतं. मार्शलसारखा पहिला व्हॉल्व्ह मालिकेत जोडायचा का? ईसीसी८३चा एक टप्पा सिग्नल ५० ते ६० पटीने वाढवू शकतो. त्यातला काही विभागून खाली उतरवला तरी या अँपचा स्वभावच बदलतो, आणि हाताने बांधलेल्या, या कामासाठी न आखलेल्या मांडणीत गोंगाट आणि शिटीचा धोका वाढतो.

सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी एक चाचणी केली. इनपुटच्या आधी एक क्लीन बूस्ट पेडल लावलं. स्वतः न फाटता सिग्नल फक्त मोठा करणारं. बूस्ट १२ डेसिबलच्या आसपास आणल्यावर वादक थांबला आणि तोच तुकडा पुन्हा वाजवला. प्रीअँप आणि फेज इन्व्हर्टर आता व्हॉल्व्हसारखेच फाटत होते, छेडण्याला उत्तर देत होते. त्याला हवा होता तेवढा गेन चौपट होता, पन्नासपट नव्हे. मग अँपच्या आत आणखी काही करायचं कारण उरलं नाही. बूस्ट पेडल पायाशी राहिलं.

टोनच्या कळा त्याने पुन्हा लावल्या, त्याच हलक्या आवाजात, कानाने. ट्रेबल उतरवला, बास चढवला. स्टेजवरच्या खुणा घरी लागू पडत नाहीत हे त्याने आता स्वीकारलं आहे आणि पॅनलवर दोन रंगांच्या टिकल्या लावल्या आहेत.

खालच्या मजल्यावरून आलेली गोष्ट

सगळं जमल्यावरही खालच्या आजोबांची तक्रार पूर्ण थांबली नव्हती. वादक त्यांच्याकडे जाऊन बसला. आजोबा म्हणाले, “बाळा, तुझ्या गाण्याचा त्रास नाही रे. ते तर मला ऐकूही येत नाही नीट. जमिनीतून धप-धप येतं ना, ते झोपू देत नाही.”

कॅबिनेट सरळ फरशीवर ठेवलेलं होतं. खर्ज हवेतून थोडा आणि स्लॅबमधून पुष्कळ खाली जात होता. कॅबिनेट लाकडी स्टुलावर चढवलं, स्टुलाखाली जाड रबराची चटई घातली, भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. त्या आठवड्यापासून आजोबांचा निरोप आला नाही, आणि नंतर मुलीच्या वाढदिवसाला ते स्वतः वर येऊन ऐकून गेले. सोसायटीच्या ग्रुपवर उरलेली तक्रार वेळेची होती. सराव रात्री नऊच्या आत आणि रविवारी दुपारी बंद, असं ठरलं.

निष्पत्ती

वादक आता घरी रोज वाजवतो. पॉट तीनच्या खाली, अटेन्युएटर लावलेला, बूस्ट चालू. कार्यक्रमाला अटेन्युएटर काढतो, पॉट पूर्ण उघडतो आणि प्रेझेन्स पुन्हा जिवंत होतं. त्या अवस्थेत अँप जवळजवळ मूळ सर्किटसारखाच वागतो. पाच-सहावरच्या ईएल३४चा आवाज आणि घरातला आवाज एकच आहेत असं तो म्हणत नाही आणि आम्हीही म्हणत नाही. घरातल्या आवाजात फेज इन्व्हर्टरची कडा जास्त, पॉवर व्हॉल्व्हची चेप कमी. पण बोटांना उत्तर मिळतं.

पावसाळ्यात एकदा पॉट खरखर करायला लागलं आणि फिरवताना आवाज मधेच गेला. वायपर क्षणभर सुटत होता. ईएल३४ मात्र एकदाही लाल झाले नाहीत, २.२ मेगाओहमने बायस धरून ठेवला. क्लिनर मारून पॉट साफ केलं, बायस पुन्हा मोजला, आकडे होते तिथेच होते.

वेगळं काय करता येईल

असं काम पुन्हा आलं तर क्रम उलटा ठेवावा असं मला वाटतं. सगळ्यात आधी कॅबिनेट फरशीवरून उचलायचं आणि खालच्या घरात जाऊन नेमका कशाचा त्रास होतो ते विचारायचं. त्याला पैसे लागत नाहीत आणि त्यावरून किती डेसिबल उतरायचे हा आकडाच बदलू शकतो. इथे कदाचित ३७ ऐवजी ३०-३२ पुरले असते आणि पॉवर व्हॉल्व्हचा वाटा थोडा जास्त राखता आला असता.

त्यानंतर बूस्टची चाचणी, चेसिस न उघडता. ज्याचं समाधान तेवढ्यावर आणि उसन्या अटेन्युएटरवर होतं, त्याच्या अँपला हात लावायची गरज नाही. अँप खरोखर जुना, मूळ ब्रिटिश असेल तर मी एवढ्यावरच थांबेन. त्यातला जॅकसुद्धा काढणार नाही.

निगेटिव्ह फीडबॅकचा प्रश्न मोकळाच आहे. हलक्या आवाजात येणारा चरचरीतपणा वादकाला काही गाण्यांत खुपतो. फेज इन्व्हर्टरच्या दोन प्लेटमध्ये आधीपासून ४७ पिकोफॅरडचा कपॅसिटर आहे. तो १०० करून बघायचा विचार आहे, पण त्याने स्टेजवरची धार बोथट होईल का ते ऐकल्याशिवाय ठरवणार नाही. मॉस्फेटवाल्या पर्यायाचं काकांनी पुठ्ठ्यावर आरेखन करून ठेवलं आहे, बायससकट. पुढच्या वेळी ईएल३४ बदलायला अँप बाकावर येईल तेव्हा चेसिसच्या मागच्या पट्टीवर हीटसिंक मावतो का, ते मोजायचं आहे.